एका फ्रेममध्ये तीन हलती नाणी लावावीत का?

बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका तरुण संग्राहकाने विचारलं आहे: "काका, माझ्याकडे हलणारे भाग असलेली चांदीची तीन नाणी आहेत. एकावर बोटाने फिरणारी पवनचक्की आहे, एकाच्या मध्यभागी होकायंत्राची सुई आहे आणि एकात काचेमागे वाळूसारखे बारीक दाणे सरकतात. तिन्ही हॉलमध्ये एका फ्रेममध्ये लावायची आहेत, दिवाळीत पाहुण्यांना ती हलताना दिसावीत अशी इच्छा आहे. सोलरवर गोल फिरणारा स्टँड घ्यावा का? पवनचक्की हल्ली अडकत फिरते, तिला थेंबभर तेल सोडू का? आणि आजोबांचा एक बाबाशाही रुपया, म्हणजे बडोदा संस्थानाचा जुना रुपया, आहे, तो आतून कोरून उघडझाप होणारी डबी करता येईल का?"

तेलाचं आधी सांगतो, कारण बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल. तेल सोडू नकोस. शिवणयंत्राचं नाही, खोबरेल नाही आणि आम्ही घड्याळात घालतो ते महागडं सिंथेटिकही नाही.

रावपुऱ्यात वडिलांनी घातलेलं घड्याळदुरुस्तीचं दुकान मी बत्तीस वर्षं चालवतो आहे आणि नाणी शाळेत असल्यापासून जमवतो आहे. त्यामुळे तुझी पवनचक्की मला नाणं म्हणून दिसते तशी एक यंत्र म्हणूनही दिसते. घड्याळात चाकाचं पोलादी टोक माणकाच्या खड्यात फिरतं आणि त्या खड्याला वाटीसारखी खोलगट जागा मुद्दाम केलेली असते. तेलाचा कण त्या वाटीत धरून राहतो. नाण्यात अशी वाटीच नसते. पिनच्या मुळाशी सोडलेला थेंब दोन दिवसांत खाली उतरतो आणि आरशासारख्या पृष्ठभागावर पसरतो. मग त्यावर धूळ बसते, धुळीचा लगदा होतो, आणि आज जी चक्की अडकत फिरते ती महिन्याभरात फिरायचीच थांबते. पृष्ठभागावरचा तो डाग काढायला गेलं की ओरखडे येतात. प्रूफ नाण्यावरचा, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत काढलेल्या नाण्यावरचा, ओरखडा परत भरून येत नाही.

चक्की अडकते आहे ती बहुधा वेगळ्याच कारणाने. मागच्या हिवाळ्यात एक गृहस्थ असंच नाणं घेऊन आले होते. दहापट भिंगाखाली धरलं तर पिनच्या मुळाशी, पात्यांच्या मागे, पांढरा सुती धागा गुंडाळलेला दिसला. केसाहून बारीक, पण तीन वेढे घट्ट बसलेले. मी विचारलं, हातमोजे कोणते वापरता? त्यांनी खिशातून पांढरे सुती मोजे काढले. नाणं जपायचं म्हणून घातलेल्या मोज्यांचेच तंतू आत जात होते आणि पातं फिरलं की सुताच्या रिळासारखे गुंडाळले जात होते. आमच्याकडे पेगवुड नावाची मऊ लाकडी काडी असते. तिला छिन्नीसारखी धार काढून मी तो वेढा एका बाजूने सैल केला, चिमट्याने उचलला, हातातल्या रबरी ब्लोअरने दोनदा हवा मारली. चक्की फिरली. तेलाचा थेंबही लागला नाही.

म्हणून सुती मोजे सोड आणि पावडर नसलेले नायट्राइलचे, डॉक्टर घालतात तसले, घे. त्यांची पकडही चांगली असते. सुती मोज्यातून जड नाणं निसटतं. नाणं नेहमी कडेने धर, आणि खाली घडी केलेला टॉवेल अंथरूनच हाताळ.

धागा नसेल तर मग दुसरी शक्यता आहे आणि ती जरा काळजीची आहे. शुद्ध चांदी मऊ असते. दागिन्यांच्या ९२५ चांदीत तांबं असतं म्हणून ती कडक होते. संग्राहकांसाठी काढलेली नाणी बरेचदा ९९९ शुद्धतेची असतात. चांदीची पिन चांदीच्याच भोकात फिरत असेल तर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरतात, सूक्ष्म कण निघतात आणि तेच कण पुढे कानशीसारखं काम करतात. भोक हळूहळू लंबगोल होतं. पातं दोन बोटांत धरून अगदी हलकं वरखाली करून बघ. ते लुडबुडत असेल, तर झीज सुरू झाली आहे. त्यावर घरगुती इलाज नाही. त्या नाण्याचं फिरणं तिथेच थांबव आणि ते स्थिर ठेव.

आता फ्रेमचं. हलणाऱ्या नाण्यांच्या बाबतीत माझं एकच सांगणं असतं: पेटी कशी असावी हे नाण्याच्या आकारावर ठरवू नये, ते नाणं कशाच्या जोरावर हलतं त्यावर ठरवावं. तुझी पवनचक्की बोटाने हलते, सुई पृथ्वीच्या चुंबकत्वाने आणि दाणे त्यांच्या वजनाने. तिघांची जात वेगळी आहे. एका फ्रेममध्ये उभी करून भिंतीला लावलीस तर चक्कीला बोट पोचणार नाही, सुई एका बाजूला टेकून राहील आणि दाणे खाली जमा होऊन कायमचे बसतील. तिन्ही नाणी तिथे असतील, पण हलणार एकही नाही. ज्यासाठी तू पैसे मोजलेस तेवढंच नेमकं दिसणार नाही.

पवनचक्कीला आडवं निजवणं बरं. घड्याळजीला हे पहिल्या वर्षी शिकवतात: घड्याळ तबकडी वर करून आडवं ठेवलं तर त्याचं बॅलन्स चाक मोठे झोके घेतं आणि चावी खाली करून उभं धरलं तर झोके लहान होतात, कारण उभ्या स्थितीत टोकाच्या बाजूवर घर्षण वाढतं. पवनचक्कीचंही तसंच आहे. नाणं आडवं असताना चाक पिनच्या खांद्यावर टेकतं आणि मोकळं फिरतं. उभं केलं की सगळं वजन पिनच्या एका बाजूवर येतं, भोक तिथेच झिजतं, आणि पाती थोडी जरी असमतोल असली तरी चाक दरवेळी त्याच जागी येऊन थांबतं. चक्की ठीक झाली की एकदा आडवं फिरवून आणि एकदा उभं फिरवून किती वेळ चालतं ते मोबाइलवर मोज, फरक लगेच कळेल. कॅनडाच्या टांकसाळीने २०१८ मध्ये सहा औंसांचं, म्हणजे जवळपास १८७ ग्रॅम चांदीचं, फिरत्या कॅरोसेलचं, म्हणजे जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या पाळण्याचं, नाणं काढलं होतं. तसल्या उंच उभ्या भागाच्या नाण्याला तर भिंतीवरची फ्रेम बघायचीच नाही, त्याला मेजावरची काचेची पेटीच हवी.

होकायंत्राच्या नाण्यालाही सपाट जागा लागते, पण त्याचे शत्रू आणखी आहेत. माझ्या ओळखीच्या एका घरात असं नाणं छान सागवानी चौकटीत वर्षभर होतं आणि सुई सतत खिडकीकडे तोंड करून असायची. घरच्यांना वाटायचं, तिकडेच उत्तर आहे. उत्तर होती त्याच्या बरोबर उलट बाजूला. चौकटीचं झाकण बंद राहावं म्हणून कारागिराने लाकडात दोन छोटे चुंबक पुरले होते आणि सुई त्यांना चिकटून बसली होती. स्पीकर, मोबाइलचं कव्हर, लोखंडी कपाट, फ्रिजवरचं चुंबकी खेळणं, यातलं काहीही हातभर अंतराच्या आत नको. सुई फार दिवस जोरकस चुंबकापाशी राहिली तर तिचं स्वतःचं चुंबकत्व कमी होतं किंवा उलटंही होतं.

आणखी एक गोष्ट हिवाळ्यात हमखास घडते. तू वरची प्लॅस्टिकची खिडकी कोरड्या फडक्याने चकचकीत पुसतोस आणि सुई एकदम हलायची बंद होते, जणू कोणी धरून ठेवली आहे. घाबरू नकोस. घासल्याने प्लॅस्टिकवर स्थिर वीज जमते आणि हलकी सुई तिला ओढली जाते. अगदी किंचित ओलसर मऊ कापड कॅप्सूलवरून, म्हणजे नाण्याच्या पारदर्शक गोल डबीवरून, फिरव किंवा तोंडाची वाफ दे, क्षणात सुई मोकळी होते. दाण्यांच्या नाण्यातही असंच होतं. बाहेर अॅक्रिलिकची कॅप्सूल कोरडी घासलीस की आतले हलके दाणे काचेला चिकटून बसलेले दिसतील. इलाज तोच.

दाण्यांचं नाणं मात्र उभंच हवं, आणि उलटसुलट करता येईल असं. वाळूच्या घड्याळासारखा विचार कर. आपल्याकडे संखेड्याला लाकूड कातणारे खरादी आहेत, बडोद्याहून तासाभराचा रस्ता. त्यांच्याकडून दोन खांबांमधे फिरणारं एक लाकडी कडं करून घे, पाळणा टांगतात तसं. कड्यात कॅप्सूलसकट नाणं बसव. कडं हाताने अर्धा फेरा फिरवलं की दाणे वरून खाली उतरतात. नाण्याला कोणाचं बोट लागत नाही आणि लहान मुलांनाही फिरवायला देता येतं. फक्त नवीन लाकूड, ताजं पॉलिश आणि ताजी लाख यांतून निघणारी वाफ चांदीला चांगली नाही. स्टँड आणल्यावर महिनाभर उघड्यावर वारा खाऊ दे, मगच नाणं चढव.

म्हणजे हिशेब असा: पवनचक्की आणि होकायंत्र एका आडव्या पेटीत, दाण्यांचं नाणं शेजारी स्टँडवर. पेटीसाठी मला जुन्या पेढीवरच्या मुनीमजींचं उतरतं डेस्क आवडतं. वरचं झाकण उतरतं, त्याला काच, आतला तळ मात्र सपाट. उभं राहणाऱ्यालाही दिसतं आणि बसलेल्यालाही. दोन नाण्यांत पेटीची पूर्ण लांबी ठेव, बिजागऱ्या पितळी घे, आणि झाकणाला चुंबक नको, साधी पितळी कडी पुरे.

आतल्या अस्तरावर जरा थांबतो, कारण मी पाहिलेली निम्मी खराब नाणी चोरांनी किंवा लहान मुलांनी खराब केलेली नाहीत, अस्तरांनी केली आहेत. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. वर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. लोकरीचं फेल्ट, स्वस्त मखमल, रबर, काही डिंक, वर्तमानपत्राचा कागद, यांतून असला त्रास होऊ शकतो. शहरातल्या एका फ्रेमवाल्याने माझं स्वतःचं एक नाणं रबरी चिकटपट्टीने मागच्या पुठ्ठ्यावर बसवून दिलं होतं. मी विश्वासाने घेतलं, विचारलं नाही. एक पावसाळा गेला आणि कडेने तपकिरी कडं उमटलं, पट्टी जिथे होती बरोबर तिथे, तिच्याच रुंदीचं. ते आजही आहे. मी ते घासून काढलं नाही, कारण घासण्याने त्याहून जास्त गेलं असतं.

तळाला न रंगवलेलं, धुतलेलं सुती कापड घाल. नाणी अॅक्रिलिकच्या कॅप्सूलमध्ये राहू देत. पीव्हीसीची मऊ पाकिटं घरातूनच काढून टाक, त्यांतून कालांतराने हिरवट चिकट थर येतो. पेटीच्या कोपऱ्यात, नाण्यांना लागणार नाही अशी, चांदी काळी पडू न देणारी अँटी-टार्निश पट्टी ठेव आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची बंद पुडी. जेल नारिंगी रंगाचं घे. निळ्यात कोबाल्ट असतो. पुडी फाटलेली नको, तिची भुकटी पवनचक्कीच्या पिनमध्ये गेली तर कानशीच. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी रंग बघत जा. कपाटात डांबर गोळ्या किंवा कापूर ठेवायची सवय असेल तर ते कपाट नाण्यांसाठी नाही. देवघराची आणि स्वयंपाकघराची भिंतही सोड, उदबत्तीचा आणि फोडणीचा धूर दोन्ही हळूहळू बसतात. आणि काळी पडलेली चांदी चिंच, राख, टूथपेस्ट किंवा भांड्यांची पावडर यांनी कधीही उजळू नकोस. हलणाऱ्या नाण्यात ती पावडर पिनपाशी अडकते आणि बाहेर येत नाही.

तळमजल्यावर राहत असशील तर पेटी उंच ठेव. २०१९ चा आणि २०२४ चा विश्वामित्री नदीचा पूर आपण पाहिला आहे. शोकेसच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात माझ्या दोन गिऱ्हाइकांचे अल्बम होते, त्यांतून काय निघालं ते मी साफ केलं आहे. कंबरेच्या वरचा कप्पा, बस्स.

सोलर स्टँड नको. कारण आकड्यात सांगतो. तो उजेडात रोज दहा तास मिनिटाला दोन फेरे घेत असेल, तर दिवसाला १,२०० आणि वर्षाला चार लाखांच्या वर फेरे होतात. आणि फेरे आडवे असल्याने तुझे दाणे वरून खाली सरकणारही नाहीत, नुसते थरथरत राहतील. पाहुणे वर्षातून चार वेळा येतात आणि नाणं मात्र दिवसभर उगाच फिरत राहतं. शिवाय त्या स्टँडच्या पोटात मोटर असते आणि मोटरमध्ये चुंबक. होकायंत्र त्यावर ठेवलंस तर सुईला उत्तर सापडणार नाही. चुंबकावर तरंगणारे स्टँडही तसलेच. त्यात एक गंमत तुला माहीत असावी: चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण फिरत्या चांदीच्या चाकाजवळ जोरकस चुंबक आणला की चाक मधात बुडाल्यासारखं मंदावतं. फिरणाऱ्या धातूत विजेचे भोवरे तयार होतात आणि तेच ब्रेक लावतात. तुझी पवनचक्की तू चुंबकी स्टँडवर फिरवून पाहत असशील, तर ती अडकण्याचं तेही कारण असू शकतं.

उजेडाकडे बहुतेक लोक लक्षच देत नाहीत. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली प्रूफ नाणं नुसतं पांढरं चमकतं आणि पातं फिरतंय की नाही तेही कळत नाही. पेटीच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूने, उबदार रंगाची एलईडी पट्टी लाव, उजेड नाण्यावर तिरका पडू दे, आणि समोरच्या भिंतीवर काहीतरी गडद असू दे. मग आरशासारखा भाग काळा दिसतो आणि पाती त्यावर उठून दिसतात. तीन नाण्यांपैकी ज्यावर रंग आहे ते पश्चिमेच्या उन्हात ठेवू नकोस.

दिवाळीत पाहुण्यांपुढे कसं करावं? मी असं करतो: पवनचक्की मी स्वतः फिरवतो, मोजे घालून, संध्याकाळी दोनदा. बघणाऱ्यांना ते आवडतं, कारण घरच्या माणसाने काळजीने काहीतरी उघडून दाखवलं असं वाटतं. बाकी वेळ पेटी बंद. नाणं नवीन असतानाच त्याच्या हालचालीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेव. पेटीपासून हातभर लांब जुना मोबाइल उभा करून तो चालू ठेवला तर मुलांची हौसही भागते. मूळ डबी आणि प्रमाणपत्र फेकू नकोस, विकायची वेळ आली तर पहिला प्रश्न त्यांचाच येतो.

आता आजोबांच्या रुपयाचं. तुझी कल्पना नवीन नाही, आणि ती सुचली याचा मला आनंद आहे. जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये कारागीर थेलर नावाची चांदीची जुनी मोठी नाणी आतून पोकळ करून त्यांना आटे पाडत, आत छोटी रंगवलेली चित्रं ठेवत. त्याला श्राउबटालर, म्हणजे स्क्रूचा थेलर म्हणतात. आणि १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वर्तमानपत्रं टाकणाऱ्या एका मुलाच्या हातून पाच सेंटचं नाणं पडलं आणि त्याचे दोन भाग झाले. आत मायक्रोफिल्म, म्हणजे अगदी चिमुकला फोटो, होता. समोरच्या बाजूला 'ट्रस्ट' या शब्दातल्या 'आर' अक्षरात सुई जाईल एवढं भोक होतं, तिथून टोचून ते उघडायचं. त्याचा धागा पुढे १९५७ मध्ये रुडॉल्फ आबेल या सोव्हिएत हेराच्या अटकेपर्यंत जाऊन पोचला. हे सगळं खरं आहे आणि मी ते हातात धरायला काहीही देईन.

पण बाबाशाही रुपया कोरू नकोस. तू पाठवलेल्या फोटोत बडोद्याचे महाराज सयाजीराव यांची छबी आहे आणि मागे तलवार आणि संवत आहे, म्हणजे नाणं शंभर वर्षांहून जुनं आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे एवढं जुनं नाणं पुरावस्तूच्या व्याख्येत बसतं. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या शहराच्या टांकसाळीतलं ते नाणं आणि आजोबांनी जपलेलं. पोकळ केलं की ना नाणं राहील ना आठवण. हल्लीचं चलनी नाणंही घेऊ नकोस, २०११ च्या नाणे कायद्यात ते कापायला आणि वितळवायला मनाई आहे. मांडवीतल्या एखाद्या सोनाराकडून साध्या चांदीच्या दोन चकत्या घे, बाहेर तुला हवी ती नक्षी, आत आटे. तेवढं काम मी तुला लेथवर शिकवतो. आणि आजोबांचा रुपया साध्या गोल कॅप्सूलमध्ये, त्याच पेटीत मधोमध ठेव.

पवनचक्कीचं नाणं मात्र तोवर फिरवू नकोस. रविवार सोडून कधीही सकाळी अकरानंतर घेऊन ये, कॅप्सूलमधून न काढता, खिशात नाही तर डबीत ठेवून. आपण आधी भिंगाखाली बघू, धागा आहे की भोक.